पंपिंग नॉर्मल, तरी दम का लागतो?

वाचकांचे प्रश्न, हृदयरोगतज्ज्ञाची उत्तरे

मधुमेहींत हृदयाचा बिघाड लवकर कसा ओळखावा यावर गेल्या अंकात, माझ्या मेक्सिकन पेशंटांचे दाखले देऊन, लिहिले आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. बरीच पत्रे अमेरिकेतून आली. त्यांतली काही स्वतःबद्दल नव्हतीच. सहकाऱ्यांबद्दल आणि सोयऱ्यांबद्दल होती. मी मूळची मिरजेची. सध्या टेक्सासच्या पार दक्षिणेला, रिओ ग्रान्दे नदीकाठी, मेक्सिकोच्या सीमेला खेटून असलेल्या पट्ट्यात काम करते. इथे सगळे त्याला नुसते ‘व्हॅली’ म्हणतात. हिडाल्गो काउंटीत दहांतले नऊ लोक हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिन अमेरिकी देशांतून आलेले किंवा त्यांचे वंशज, शेजारच्या स्टार काउंटीत तर जवळजवळ सगळेच, आणि मधुमेह घरोघरी. म्हणून या वेळी हिस्पॅनिक मधुमेहींविषयीची पत्रे आधी घेते आहे.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम. मी मॅकॅलनमध्ये एका बांधकाम कंपनीत इंजिनियर आहे. आमच्या साइटवरचा फोरमन मेक्सिकन वंशाचा, वय ५२. बारा वर्षांपासून डायबेटिस, एचबीएवनसी (गेल्या तीनएक महिन्यांची सरासरी साखर) ७.९. गेल्या वर्षीचा ईसीजी नॉर्मल, टूडी इकोत पंपिंग ६० टक्के. छातीत कधी दुखले नाही. आता त्याच्या क्लिनिकने एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी केली, ती २१० आली म्हणून पुन्हा इको आणि त्यात ‘स्ट्रेन’ म्हणून काहीतरी जादा सांगितले आहे. बिचाऱ्याला इन्शुरन्स नाही. मला हे पैसे काढण्याचे काम वाटते. त्याने मला विचारले आहे, काय सांगू?
— एक वाचक, मॅकॅलन, टेक्सास

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. खिशातून पैसे भरणाऱ्या माणसाला तपासणी लिहून देताना ती कशासाठी, हे समजावून सांगणे डॉक्टरचे काम असते आणि ते इथे झालेले दिसत नाही. पण तपासणी योग्य आहे, क्रमही योग्य आहे. आधी स्वस्तातली रक्ततपासणी, ती वाढलेली आली म्हणून इको. त्याला सांगा, करून घे.

ईसीजी हृदयातली वीज दाखवतो. पंपिंग, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, सांगते की डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर फेकले गेले. आकडा ५५ च्या वर असला की पेशंट खूश, नातेवाईक खूश. पण कप्पा भरताना काय झाले, ते या आकड्यातून कळत नाही, आणि मधुमेहात बिघाडाची सुरुवात बहुधा भरण्यातच होते. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की स्नायूतल्या कोलॅजेनच्या धाग्यांना ती चिकटते, धागे एकमेकांत गुंततात. पेशींत चरबी साठते. केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या गरजेच्या वेळी पुरेशा उघडत नाहीत. जोडीला ब्लडप्रेशर असेल तर भिंत जाड होते. अशी भिंत आकुंचन पावते झोकात, पण सैल पडायला वेळ लावते. कोरी कोल्हापुरी पायाला जागा देत नाही, तसा हा कप्पा रक्ताला जागा देत नाही. मग रक्त मागे, फुफ्फुसाकडे तुंबते आणि चालताना दम लागतो. पंपिंग ६० टक्केच राहते.

हे काही कालपरवा कळलेले नाही. शर्ली रुब्लर यांनी १९७२ साली चार मधुमेही रुग्णांचे शवविच्छेदन मांडले. हृदय निकामी झालेले, पण रक्तवाहिन्यांत त्याचे कारण ठरावे असे अडथळे नाहीत. दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या पाहणीने दाखवले की मधुमेही पुरुषांत हार्ट फेल्युअरचे प्रमाण दुपटीहून अधिक, बायकांत पाचपट. इतकी जुनी माहिती हाताशी असूनही आपण अजून ‘ब्लॉकेज आहे का?’ एवढेच विचारतो, याचे मला वाईट वाटते.

आता रक्ततपासणी. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तिथल्या पेशी एक द्रव्य रक्तात सोडतात. एनटी-प्रोबीएनपी आणि बीएनपी हे त्याचेच मोजता येणारे दोन तुकडे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०२२ साली सांगितले की प्रत्येक मधुमेहीची, काहीही त्रास नसला तरी, अशी एखादी तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी. एनटी-प्रोबीएनपी १२५ किंवा त्याहून जास्त, अथवा बीएनपी ५० किंवा त्याहून जास्त आला तर पुढे इको. तुमच्या फोरमनचा २१० आहे. याचा अर्थ त्याचे हृदय निकामी झाले असा नाही. वाढलेले वय, किडनीचा आजार, हृदयाचे अनियमित ठोके, यांनीही हा आकडा चढतो. म्हणून तर इको.

आणि स्ट्रेन. यासाठी दुसरे यंत्र नसते, वेगळे इंजेक्शन नसते. त्याच इकोत काही मिनिटे जास्त लागतात. इकोच्या खोलीत दिवे मंद असतात, पेशंट डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली. आधी झडपेच्या कडेला, जिथे ती स्नायूला जोडलेली असते तिथे, कर्सर ठेवायचा. पडद्यावर ठोक्यागणिक लाटा उमटतात: रेषेच्या वर एक, खाली दोन. खालची पहिली लाट म्हणजे कप्पा सैल पडण्याचा वेग. निरोगी मध्यमवयीन हृदयात बाहेरच्या भिंतीकडे तो सेकंदाला १० सेंटिमीटरच्या वर असतो. इथल्या कितीतरी मधुमेहींत ती लाट ठेंगणी, सहा-सातवर अडकलेली दिसते आणि दुसरी लाट, म्हणजे वरच्या कप्प्याने शेवटी मारलेला धक्का, तिच्याहून उंच. पेशंट तोवर सांगत असतो, मला काही होत नाही.

मग स्ट्रेन. स्नायूच्या चित्रातले बारीक ठिपके ठोक्यासोबत कसे सरकतात ते संगणक पाहतो आणि स्नायू लांबीला किती टक्के आखडला ते सांगतो. आखडतो म्हणून आकडा उणे असतो, त्याने दचकू नये. उणे २० च्या आसपास म्हणजे छान. उणे १६ किंवा त्याहून शून्याच्या जवळ आला तर काळजी. शेवटी सतरा खणांचे एक गोल चित्र येते: निरोगी भाग गडद लाल, थकलेला भाग फिकट गुलाबी. लांबीच्या दिशेने जाणारे बरेच धागे आतल्या थरात असतात, रक्तपुरवठ्याचा चिमटा तिथे आधी बसतो, म्हणून ते आधी थकतात. मधले आडवे धागे जास्त काम करून पंपिंगचा आकडा सावरून धरतात. म्हणून ६० टक्के पंपिंग आणि उणे १५ स्ट्रेन एकाच माणसात, एकाच दिवशी सापडू शकतात.

हिस्पॅनिक लोकांबद्दल मी इतक्या आग्रहाने का लिहिते? या समाजाचा अमेरिकेतला सर्वांत मोठा आरोग्य-अभ्यास ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथे झाला. २००८ ते २०११ या काळात १६,४१५ माणसे त्यात घेतली. त्यांतल्या ४५ वर्षांपुढच्या १,८१८ जणांचा पुढे इको केला. जवळजवळ निम्म्या लोकांत कप्पा भरण्यात किंवा आकुंचनात काही ना काही दोष निघाला. पंपिंग कमी असलेले चारएक टक्केच; बाकी सगळा दोष भरण्यातला. आणि ज्यांच्यात दोष निघाला त्यांतल्या ९६ टक्क्यांचे हार्ट फेल्युअरचे निदान झालेले नव्हते. या निम्म्यांत सौम्य दोषही मोजले आहेत, त्या सगळ्यांचे हृदय निकामी होणार असे मुळीच नाही, आणि हे सगळेच मधुमेही होते असेही नाही. तरी ९६ हा आकडा मला स्वस्थ बसू देत नाही.

आता तुमच्या माणसाला एक प्रश्न माझ्या वतीने विचारा. ‘दम लागतो का?’ असे विचारू नका, तो नाही म्हणेल. ‘दोन वर्षांपूर्वी करायचास आणि आता करत नाहीस असे काय?’ असे विचारा. माझ्याकडे ग्रेपफ्रूटच्या पॅकिंग शेडमध्ये काम करणारी पन्नाशीतली बाई आली होती. दम नाही, छातीत दुखत नाही, झोप छान. मग मी विचारले, रविवारी पुल्गाला जाता का? पुल्गा म्हणजे इथला आठवडी बाजार. टॅको, जुने कपडे, कोंबड्यांची पिल्ले, हत्यारे, सगळे एका जागी. म्हणाली, जाते की. पण मुली फिरतात, मी गाडीत एसी लावून बसते. कधीपासून? तिला आठवेना. तिने बाजार फिरणे सोडले होते आणि ते तिच्या स्वतःच्याही लक्षात आलेले नव्हते. इकोत तिची ती सैल पडण्याची लाट सेकंदाला ५ सेंटिमीटर होती.

तुमचा फोरमन आता पायऱ्या टाळून लिफ्टने जातो का, जड सामान पोरांना उचलायला लावतो का, जेवणाच्या सुट्टीत ट्रकमध्ये डुलकी काढतो का? तुम्ही रोज त्याच्याबरोबर असता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त दिसेल. डॉक्टरला ते कागदावर लिहून द्या.

पैशांचे. टेक्सासने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, विस्तार केलेला नाही, त्यामुळे राबणारी असंख्य माणसे इथे विम्यावाचून आहेत. पण केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या सामुदायिक दवाखान्यांत उत्पन्न पाहून फी लावतात. इको हॉस्पिटलमध्ये करायचा असेल तर दोन गोष्टी आधी विचारा: रोख भरल्यास किती, आणि आर्थिक साहाय्याचा अर्ज कुठे मिळतो. ना-नफा हॉस्पिटलांना असे धोरण ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. अर्ज मात्र मागावा लागतो, आपणहून कोणी हातात देत नाही. फॉर्म भरायला व्हॅलीत ‘प्रोमोतोरा’ मदत करतात. वस्तीतल्याच बायका असतात, आपल्या आशाताईंसारख्या, आणि स्पॅनिशमध्ये बोलतात.

प्रश्न : मी शिकागोत राहते, नवरा मेक्सिकन-अमेरिकन. सासूबाई ६३ वर्षांच्या, मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या. वीस वर्षे डायबेटिस. गेले तीन आठवडे त्या पलंगाऐवजी आरामखुर्चीत झोपतात, म्हणतात पाठीला बरे वाटते. संध्याकाळी पायावर मोज्याचा वळ खोल उमटतो. गुडघ्यांसाठी त्यांच्या बहिणीने मेक्सिकोहून आणलेल्या गोळ्या रोज घेतात. डॉक्टरचे नाव काढले की चिडतात. मी सून, त्यातून परक्या देशाची, किती बोलणार? तुमचा लवकर निदानाचा लेख वाचला. कोणती तपासणी आधी करावी?
— एक वाचक भगिनी, शिकागो

उत्तर : ताई, ‘लवकर’ हा टप्पा सासूबाईंनी बहुधा ओलांडला आहे. आडवे झोपवत नाही, पाय सुजतात, वीस वर्षांचा मधुमेह: हे सगळे एकत्र आले की पत्र लिहून उत्तराची वाट पाहायची नसते. मी तुम्हाला पत्र मिळाले त्याच दिवशी वेगळे कळवले आहे, इथे इतरांसाठी लिहिते. एक-दोन दिवसांत डॉक्टरला दाखवायचे. बसल्याजागी दम लागला, ओठ निळसर दिसले, छातीत दाटले, गुलाबी फेसाळ कफ पडला किंवा एकाएकी गोंधळल्यासारख्या बोलू लागल्या तर लगेच ९११ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या नंबरला, फोन करा.

आरामखुर्ची हे लक्षण आहे. आडवे झाले की पायांतले पाणी छातीकडे येते, ताठर कप्प्याला ते झेपत नाही, म्हणून माणूस आपसूक उंच झोपतो. कोणी दोन उश्या घेतो, कोणी खुर्चीत बसतो, आणि कारण पाठीचे सांगतो. खोटे सांगत नाहीत, त्यांना तसेच वाटते.

गुडघ्यांच्या त्या गोळ्या आज डॉक्टरला विचारून बंद करा. पाकीट बघा: डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, आयबुप्रोफेन यांपैकी काही असेल तर ते शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते. डेन्मार्कमधल्या लाखो मधुमेहींच्या नोंदींचा अभ्यास २०२३ साली आला. या गोळ्यांचा थोडे दिवसांचा वापरही हार्ट फेल्युअरने पहिल्यांदा दवाखान्यात भरती होण्याशी जोडलेला दिसला, आणि वयस्कर व साखर ताब्यात नसलेल्या लोकांत जास्त. सीमेपलीकडून आणलेल्या सांधेदुखीच्या काही गोळ्यांत स्टेरॉइडही असते. तसे असेल तर एकदम बंद करणे धोक्याचे, म्हणून पाकीट घेऊनच जा. आमच्याकडे तर सीमेवरचा पूल पायी ओलांडून पलीकडच्या नुएव्हो प्रोग्रेसो गावातून औषधे आणणे हा रोजचा परिपाठ आहे. विमा नसलेला माणूस दुसरे काय करणार? म्हणून मी कोणाला रागावत नाही, फक्त म्हणते, पिशवी जशीच्या तशी घेऊन या, टेबलावर ओता.

आता बोलायचे कसे. तुम्ही एकट्याने बोलू नका. या कुटुंबांत आजारपण एकट्याचे नसते, निर्णयही एकट्याचा नसतो. नवऱ्याला आणि त्याच्या मोठ्या बहिणीला सोबत घ्या. ‘तुम्हाला काहीतरी झाले आहे’ असे म्हणू नका. नातवंडांच्या पुढच्या समारंभाचे, एखादीच्या किन्सेन्येराचे (पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याचे) नाव काढा, त्यात नाचायचे आहे ना, असे म्हणा. माझ्या पेशंटांच्या सुना आणि मुली हेच करतात आणि बऱ्याचदा त्यानेच आई गाडीत बसते. दवाखान्यात दुभाष्या मागा. तो विनामूल्य मिळतो, हक्काचा आहे. नवऱ्याला किंवा नातवाला भाषांतर करायला लावू नका. मुलासमोर आई ‘रात्री घाबरायला होते’ हे कधीच सांगणार नाही.

प्रश्न : तुमचा लेख वाचला. मेक्सिकन लोकांच्या हृदयाचे आम्ही सांगलीकरांनी काय करायचे? आमच्यासाठी लिहा.
— निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, ताठरपणाची गोष्ट आपल्याकडेही तीच आहे, माझा मिरज-सांगलीचा गोतावळा पाहूनच मी या विषयाकडे वळले. पण त्यांचे आकडे उचलून आपल्यावर लावता येणार नाहीत. अहो, ‘हिस्पॅनिक’ हीसुद्धा एक जात नाही. त्याच १६,४१५ लोकांच्या अभ्यासात मेक्सिकन वंशाच्या लोकांत मधुमेह १८.३ टक्के, तर दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांत १०.२ टक्के निघाला. मेक्सिकन आणि इतर लॅटिन अमेरिकी लोकांत एका जनुकाचा, एसएलसी१६ए११ चा, मधुमेहाचा धोका वाढवणारा प्रकार मूळ अमेरिकी वंशातून आलेला सापडतो. युरोपीय लोकांत तो फारसा नाही. म्हणजे कारणांचे मिश्रण प्रत्येक समाजाचे निराळे.

आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनात आणि कमी वयात होतो, हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत अडथळेही लवकर येतात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातल्या दक्षिण आशियाई लोकांचा ‘मसाला’ नावाचा अभ्यास २०१० पासून चालू आहे, ९०६ जणांपासून सुरू झालेला. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालानुसार १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तेव्हा सांगलीत बसून दोन्ही प्रश्न विचारा: रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत का, आणि कप्पा सैल पडतो का. पहिला आपण विचारतो. दुसरा इकोच्या रिपोर्टात बहुतेक वेळा लिहिलेलाच असतो, ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’, आणि वाचणारा ‘वयोमानानुसार’ म्हणून फाइल मिटतो. साठीनंतर हा शेरा खूप जणांना मिळतो आणि बऱ्याच जणांत तो निरुपद्रवी असतो, हे खरे. पण तो पंचेचाळिशीतल्या मधुमेहीच्या रिपोर्टावर असेल, किंवा सोबत डावा वरचा कप्पा मोठा झालेला असेल, तर वयावर ढकलू नये.

प्रश्न : माझ्या ऑफिसातल्या डॉमिनिकन मैत्रिणीचे वजन १०८ किलो, डायबेटिस आहे. तिचा एनटी-प्रोबीएनपी ८५ आला. १२५ च्या आत आहे, म्हणजे निर्धास्त ना?
— एक वाचक भगिनी, न्यू जर्सी

उत्तर : नाही. लठ्ठपणात हा आकडा मुळातच कमी येतो, हृदयावर ताण असूनसुद्धा. तिला काही त्रास नसेल तर वर्षाने पुन्हा करा आणि आकडा चढतो आहे का ते पाहा. जिना चढताना दम लागत असेल तर ८५ वर विसंबून राहू नका, इको करा.

प्रश्न : लवकर कळून फायदा काय? शेवटी डॉक्टर ‘शुगर कमी ठेवा’ एवढेच सांगणार. उगीच माणूस घाबरून जातो.
— एक वाचक, पुणे

उत्तर : २०१५ च्या आधी हा प्रश्न कोणी विचारला असता तर माझ्याकडे तोकडे उत्तर होते. आता तसे नाही.

२०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीचा मोठा अभ्यास आला. हृदयविकार असलेले ७,०२० मधुमेही त्यात होते. हार्ट फेल्युअरने दवाखान्यात भरती होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले. गोळी मुळात साखरेची, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी, आणि फायदा दिसला हृदयाला, तोही साखर फार न उतरता. डापाग्लिफ्लोझिनने हीच गोष्ट पुढे दाखवली, त्यात ज्यांना आधी हृदयविकार नव्हता असेही पुष्कळ होते. म्हणजे तपासणीत धोका दिसला तर साखरेच्या गोळ्यांची निवडच बदलते. या गटातली गोळी आधी येते. पायोग्लिटाझोन, जी आपल्याकडे अजून खूप दिली जाते, तिच्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे लागते, कारण ती शरीरात पाणी साठवते. हार्ट फेल्युअर असेल तर ती नकोच.

रक्तदाब १३० च्या खाली आणण्याचा आग्रह वाढतो. वजन उतरवण्याला, चालण्याला नेमके कारण मिळते. आयर्लंडमध्ये ‘स्टॉप-एचएफ’ नावाचा अभ्यास झाला, २०१३ साली प्रसिद्ध झाला: धोका असलेल्या १,३७४ लोकांपैकी अर्ध्यांची बीएनपी पाहून, ५० च्या वर असेल तर इको आणि तज्ज्ञांची देखरेख, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. पहिल्या गटात हृदयाच्या डाव्या कप्प्याचा बिघाड आणि हार्ट फेल्युअर दोन्ही मिळून कमी झाले. गोळी नवी नव्हती, फक्त कोणाकडे जास्त लक्ष द्यायचे ते कळले.

आणि साखर? ती ताब्यात हवीच. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात एचबीएवनसी एक टक्क्याने कमी असलेल्यांत हार्ट फेल्युअर १६ टक्क्यांनी कमी दिसले. पण फक्त साखर खाली रेटून हृदय वाचत नाही. २००८ साली अमेरिकेतल्या ‘अकॉर्ड’ अभ्यासात साखर अगदी नॉर्मलजवळ आणण्याचा हट्ट धरलेल्या गटात मृत्यू वाढले आणि तो भाग थांबवावा लागला.

भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० साली संपले, एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ च्या मार्चमध्ये, त्यामुळे स्वस्त जेनेरिक गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात. व्हॅलीतल्या माझ्या पेशंटांना हे ऐकून आश्चर्य वाटते, कारण त्यांना हीच गोळी परवडत नाही. जिथे स्वस्त आहे तिथे ती न देणे मला जास्त खुपते. मात्र ही गोळी आपल्या मनाने सुरू करायची नाही. लघवीच्या जागी बुरशी होऊ शकते, स्वच्छता पाळावी लागते. जुलाब-उलट्या झाल्यास, कडक उपवास असल्यास आणि ऑपरेशनच्या आधी ती थांबवावी लागते, नाहीतर साखर फार न वाढताही शरीरात आम्ल साठण्याचा धोका असतो. नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्यांनी हे डॉक्टरला आधी सांगावे.

घाबरण्याचे म्हणाल, तर दम लागून मध्यरात्री ॲम्ब्युलन्समध्ये बसताना माणूस जास्त घाबरतो.

प्रश्न : इकोला उपाशी जायचे असते का? रिपोर्टमध्ये काय बघायचे?
— अनेक वाचक

उत्तर : साध्या इकोला उपाशी जायची गरज नाही. नेहमीच्या गोळ्या घेऊन, पुढून उघडणारा सैल सदरा किंवा ब्लाउज घालून जा. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘डायस्टोलिक फंक्शन’ आणि ‘ग्लोबल लाँगिट्यूडिनल स्ट्रेन’ असे स्पष्ट लिहून घ्या. लिहिले नसेल तर बऱ्याच ठिकाणी स्ट्रेन काढत नाहीत. रिपोर्टमध्ये पंपिंगखेरीज चार गोष्टी शोधा: कप्पा सैल पडण्याचा वेग, डाव्या वरच्या कप्प्याचे आकारमान (शरीराच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने ३४ मिलिलिटरच्या वर म्हणजे मोठा), भिंतीची जाडी आणि स्ट्रेनचा आकडा. स्ट्रेनचे आकडे यंत्राच्या कंपनीनुसार थोडे बदलतात, म्हणून पुढची तपासणी शक्यतो त्याच ठिकाणी करा आणि आधीचा रिपोर्ट सोबत न्या. रक्तदाब खूप चढलेला असताना काढलेला स्ट्रेन वाईट दिसतो, तेव्हा तपासणीच्या वेळचा रक्तदाब रिपोर्टवर लिहायला सांगा.